खोटं बोलायला कारण लागतं

जुन्या विनोदी चित्रपटाच्या रिमेकचा विषय निघाला की मुंबईतल्या मराठी घरांत ताबडतोब दोन तट पडतात. एक म्हणतो, हात लावू नका. उत्पल दत्त पुन्हा होणे नाही, लक्ष्या पुन्हा होणे नाही, तो सोज्वळपणा गेला आणि उरलाय तो नुसता धांगडधिंगा. दुसरा म्हणतो, पोरं हसतायत, शंभर कोटींचा धंदा झालाय, मग तुमच्या का पोटात दुखतं? लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हा वाद कित्येक वर्षं इथेच अडकून बसला आहे. एकाच्या तोंडी सोवळ्याची भाषा, दुसऱ्याच्या तोंडी गल्ल्याची. तो जुना चित्रपट हसवत होता तो नेमका कशाच्या जोरावर, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडचा कौटुंबिक विनोदी चित्रपट बहुतेक वेळा एका खोट्यावर उभा असतो. कुणीतरी थाप मारतं, ती निभावायला दुसरी मारावी लागते, आणि निस्तरता निस्तरता सगळ्यांची भंबेरी उडते. हा सांगाडा कुणीही उचलावा, कितीदाही उचलावा. पण त्या थापेमागची अडचण खरी असावी लागते, बघणाऱ्याच्या ओळखीची असावी लागते. तरच आपण थापाड्याच्या बाजूने होतो आणि तो पकडला जाईल की काय या धास्तीने हसतो. रिमेक फसतो तो मूळ चित्रपटाशी बेइमानी केली म्हणून नव्हे. एक तर त्याची अडचण वाटेत कुठेतरी सांडते, किंवा चांगली सणसणीत अडचण हाती लागूनही तो तिला घाबरतो. दुसरा प्रकार मला जास्त अक्षम्य वाटतो.

१९७९ चा हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ घ्या. रामप्रसाद शर्मा सीए झालेला, हुशार, सज्जन, घरात एक बहीण आणि हाताला काम नाही. नोकरी देऊ शकणारा भवानीशंकर, म्हणजे उत्पल दत्त, विक्षिप्त. मिशी म्हणजे चारित्र्य आणि खेळाचं वेड म्हणजे वाया गेलेली पिढी, अशी त्याची साधी सरळ विभागणी. मुलाखतीला जाताना अमोल पालेकर कुर्ता घालतो तो उसना, आणि तो अंगाला आखूड पडतो. साहेबाने विचारलंच तर उत्तर तयार: अंग झाकायला एवढं कापड पुरतं, जास्तीचं वाया कशाला घालवायचं? साहेब विरघळतो. कुर्ता आखूड आहे याचं हसू येतं; तो उसना आहे हे मात्र त्या काळच्या प्रेक्षकाला न सांगता कळत होतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून पत्राची वाट बघणारा एक तरी मुलगा गिरगाव-दादरच्या प्रत्येक मजल्यावर होता. साहेबाला काय आवडतं, कुणाचं नाव घेतलेलं चालतं, कपाळाला गंध लावून जावं की नाही, याची चौकशी करून मुलाखतीला जाण्याची रीत त्याला कुणी शिकवावी लागत नव्हती. म्हणून पुढे आईच्या आजारपणाची थाप मारून हॉकीचा सामना बघायला गेलेला रामप्रसाद साहेबाच्या नजरेला पडतो आणि बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालतो, तेव्हा आपल्याला त्याचा राग येत नाही. या माणसाकडे दुसरा उपाय काय होता, असंच वाटतं.

‘अशी ही बनवाबनवी’चंही तेच. १९८८ चा चित्रपट, गोष्ट पुण्यातली, पण त्यातला जाच मुंबईकराला नवा नव्हता. चार मित्र, डोक्यावर छप्पर नाही, घरमालकीण लग्न झालेल्यांनाच जागा देणार. मग दोघांना साडी नेसावी लागते. त्यातलं डोहाळजेवण आठवून बघा. लक्ष्मीकांत बेर्डे ‘पार्वती’ बनून फुलांनी मढून बसलेला, भोवती बायका हौसेने गाणं म्हणतायत आणि तो आतून घामाघूम. प्रसंग जमतो कारण आसपासच्या बायकांचा लळा खरा आहे. शेजारणीला दिवस गेलेत म्हटल्यावर तिचे लाड करायला धावून येणाऱ्या त्या बायका वाड्यातही होत्या आणि चाळीतही होत्या. फसवलं जातंय ते या मायेला, म्हणून ‘पार्वती’ अवघडते आणि तिच्याबरोबर आपणही.

आता यावरून निघालेला हिंदी ‘पेइंग गेस्ट्स’ पाहा, २००९ चा. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी, जॉनी लिव्हर. यातल्या कुणाच्याही विनोदाच्या जाणिवेवर शंका घेण्याची माझी हिंमत नाही. पण गोष्ट नेली थायलंडला. चार तरुण परदेशात, झगमगीत किनाऱ्याजवळ, आणि त्यांना म्हणे जागा मिळत नाही. न मिळू दे! परतीचं तिकीट काढा की. साडी आहे, टोप आहे, पळापळ आहे, पण त्या पळण्यामागे कुणी लागलेलंच नाही. याला मी अडचण सांडणं म्हणते. नट कमी पडले नाहीत आणि मूळ चित्रपटाची विटंबनाही झाली नाही. झालं इतकंच, की दोन पुरुषांनी बायकांचे कपडे घालण्याचं कारण गळून पडलं आणि नुसते कपडे राहिले.

‘बनवाबनवी’ला हात लावू नका म्हणणाऱ्यांना मात्र एक आठवण करून द्यायला हवी. तो स्वतःच ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून आलेला आहे, आणि त्याचे दिग्दर्शक कोण? हेच हृषीकेश मुखर्जी. मूळ चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेला मराठी अवतार घराघरांत तोंडपाठ आहे. खुद्द हृषीदांचं दप्तर तपासलं तर? ‘बावर्ची’ तपन सिन्हांच्या बंगाली चित्रपटावरून, ‘चुपके चुपके’ ‘छद्मबेशी’वरून, ‘गोलमाल’ची कथा शैलेश डे यांची. मूळ, अस्सल, पहिलंवहिलं म्हणून आपण ज्याच्यापुढे हात जोडतो त्यातलं निम्मं उसनंच आहे. रामप्रसादच्या कुर्त्यासारखं.

आणि मराठी माणसाने तरी रूपांतराच्या नावाने नाक मुरडू नये. आपली रंगभूमीच त्याच्यावर पोसली. गोविंद बल्लाळ देवलांचा ‘संशयकल्लोळ’ म्हणजे मूळ मोलिएरचं प्रहसन, इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेलं. पण देवलांनी नुसती नावं बदलून भागवलं नाही. अश्विनशेठ ज्या रेवतीशी लग्न करू बघतो ती गणिकेच्या घरातली. म्हणजे संशयाला इथल्या समाजाने आधीच जागा करून ठेवलेली. फ्रेंच नवऱ्याच्या मत्सराला मराठी अब्रूची काळजी येऊन चिकटली आणि नाटक आपलं झालं. पुलंनी ‘ती फुलराणी’त बर्नार्ड शॉच्या लंडनमधला उच्चारांचा वर्गभेद आणला तो मराठी बोलीच्या शुद्ध-अशुद्धात रुजवून. इथे कुणाचा ‘ण’ बाणातला आणि कुणाचा नळातला यावरून माणसाची जात, पेठ, शाळा सगळं ठरवलं जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ इंग्रजी प्रहसनावरून घेतली. ती पुन्हा रंगमंचावर आली तेव्हा विजय चव्हाणांनी ती अशी काही गाजवली की लोक मूळ नट विसरले. भक्ती बर्वे गेल्यावर फुलराणीही थांबली नाही. अमृता सुभाष आली, हेमांगी कवी आली. शिवाजी मंदिरच्या पाटीवर ‘नव्या संचात’ हे दोन शब्द वाचून आपणच तिकिटं काढतो ना? मग तोच प्रेक्षक प्लाझाच्या दारात आला की त्याला विटाळ का होतो?

यावरचं उत्तर मला माहीत आहे आणि ते बिनबुडाचं नाही. नाटक दर प्रयोगाला नव्याने करावंच लागतं, त्याला इलाज नाही. चित्रपट एकदा झाला की झाला. ‘गोलमाल’ आजही फोनवर दोन बोटांच्या अंतरावर आहे. उत्पल दत्तांनी दातओठ खाऊन काढलेला तो लांबलचक चीत्कार दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून का ऐकायचा? मान्य. त्या माणसाची जागा भरण्याच्या फंदात कुणी पडूच नये. पण त्याच ‘गोलमाल’वरून के. बालचंदर यांनी १९८१ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, तमिळमध्ये ‘तिल्लू मुल्लू’ केला. पालेकरांच्या जागी चक्क रजनीकांत, मिशीवाला आणि बिनमिशीचा. तेंगाई श्रीनिवासन हे तिथले उत्पल दत्त. तमिळ घरात आज विचारा, अभिजात विनोदी चित्रपट कोणता, तर हाच सांगतील. वर ‘गोलमाल’ ही त्याची हिंदी नक्कल का, असंही एखादा विचारील. नटाची नक्कल करायची नाही एवढं पथ्य पाळलं की नट अजरामर असणं रिमेकच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: नवा चित्रपट जुन्याचं नावच गिळून टाकतो. २००६ पासून रोहित शेट्टींची ‘गोलमाल’ मालिका सुरू झाली. तिचा हृषीदांच्या चित्रपटाशी काही संबंध नाही, पण आज शाळकरी मुलाला ‘गोलमाल’ म्हटलं की अजय देवगण दिसतो. हे नुकसान खरंच आहे आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. मात्र ते नावाच्या उचलेगिरीने झालेलं नुकसान आहे, रिमेकने नाही. शेट्टींचा तो पहिला चित्रपट हृषीदांच्या ‘गोलमाल’चा रिमेक नव्हताच.

शेट्टींनी हृषीदांच्या चित्रपटाला खरा हात घातला तो २०१२ मध्ये, ‘बोल बच्चन’मधून. सांगाडा ‘गोलमाल’चा: विक्षिप्त मालक, थाप, जुळा भाऊ, उसनी आई, मिशी. लोक त्यातल्या उडत्या गाड्यांवर आणि आरडाओरड्यावर तुटून पडले, आणि अजय देवगणच्या मोडक्या इंग्रजीवर हसायचं की नाही यावर आजही दुमत आहे. मी हसले, खोटं कशाला बोलू. पण या गदारोळात एक गोष्ट नजरेतून सुटली. या चित्रपटाची अडचण मूळ चित्रपटाच्या अडचणीपेक्षा भारी होती.

दिल्लीचा अब्बास अली मालमत्तेचा दावा हरून बहिणीसह राजस्थानात रणकपूरला येतो. तंट्यामुळे बंद पडलेल्या देवळाच्या आवारात एक मूल पाण्यात पडतं आणि त्याला वाचवायला अब्बास कुलूप तोडतो. गाव जमतं. मुसलमानाने देवळाचं कुलूप तोडलं म्हटलं तर काय होईल, या भीतीने मित्र घाईघाईने त्याचं नाव ‘अभिषेक बच्चन’ सांगून मोकळा होतो. पुढे ईदच्या नमाजात तो मालकाला दिसतो आणि जुळा भाऊ जन्मतो. थांबून विचार करा. रामप्रसादला मिशी लावावी लागली. याला नाव बदलावं लागलं. रामप्रसादचं खोटं फुटलं असतं तर नोकरी गेली असती. याचं फुटलं तर काय जाईल, याचा अंदाज सभागृहातल्या प्रत्येकाला आहे. १९९२-९३ च्या दंगली पाहिलेल्या मुंबईत तर तो फारच चांगला आहे. दारावरची पाटी रातोरात उतरवणारी घरं या शहराने पाहिली आहेत. विनोदी लेखकाला याहून धारदार गोष्ट मिळणार कुठे?

आणि इथेच चित्रपटाची बोबडी वळली. एवढं पेलून धरण्याऐवजी त्याने सगळा विषय ‘खोटं बोलणं वाईट’ या सुभाषितावर आणून सोडला. भवानीशंकरचा नियम मूर्खपणाचा होता, म्हणून त्याची फजिती गोड वाटत होती. नव्या मालकाचा, पृथ्वीराजचा नियम काय, तर मला असत्य खपत नाही. हा तर सद्गुण झाला! मालक आता बरोबर आणि थापाड्या चूक. मग हसायचं कुणाला? राहता राहिला अब्बास. त्याला बायकी हातवारे करणारा नृत्यशिक्षक बनवून टाकला आणि सगळा विनोद त्या हातवाऱ्यांवर ढकलला. ‘बनवाबनवी’तही आज खटकणाऱ्या कोट्या आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सोज्वळपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो एकदा नातवंडांबरोबर बसून नीट पाहावा. तरी तिथे साडीतला पुरुष हैराण होतो, बाई म्हणून जगणं किती कटकटीचं आहे हे त्याच्या अंगाशी येतं. इथे बायकीपणा हाच टिंगलीचा माल. शेवटांतला फरक तर आणखी बोलका. ‘गोलमाल’च्या शेवटच्या कुटुंबाच्या फोटोत मिशी गायब आहे ती भवानीशंकरची. नियम करणाराच नियमातून सुटतो. ‘बोल बच्चन’च्या शेवटी पृथ्वीराज माफ करतो. कशाबद्दल? नाव बदलावं लागल्याबद्दल त्या मुलाचीच कुणीतरी माफी मागायला नको होती का?

कुणी म्हणेल, बाई, जत्रेच्या तमाशात तुम्ही समाजशास्त्र शोधताय. लोक दोन घटका करमणुकीला येतात, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन. हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. दंगलीच्या आठवणी काढून कुणाला हसवता येत नाही, आणि निर्मात्याच्या पैशावर जोखीम घ्या असं सांगायला माझं काय जातं? पण हाच युक्तिवाद ‘गोलमाल’च्या वेळीही लागू होता. बेकारी हा तरी कुठे हसण्याचा विषय होता? आणीबाणी उठून जेमतेम दोन वर्षं झालेली, शिकलेली पोरं रस्त्यावर, आणि हृषीदांनी त्यातूनच करमणूक काढली. एकदाही भाषण न ठोकता. करमणूक आणि धार यांचं वैर असल्याचा शोध अलीकडचा आहे. तमाशाचंच नाव काढलंत म्हणून विचारते, आपल्या वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर टोमणे मारायचा तेव्हा समोरचे लोक काय प्रबोधनाला जमलेले असायचे?

रिमेक मूळापेक्षा सरस होऊ शकतो, याला उदाहरणही जवळचंच आहे. शेक्सपियरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरून १९६८ मध्ये ‘दो दूनी चार’ आला. पटकथेत गुलजार होते. चालला नाही. १९८२ मध्ये गुलजारांनी तीच गोष्ट स्वतः दिग्दर्शित केली आणि ‘अंगूर’ झाला; संजीव कुमार आणि देवेन वर्मा, दोघेही दुहेरी भूमिकांत. त्याच नाटकावर २०२२ मध्ये ‘सर्कस’ आला आणि आपटला. जुळ्यांच्या दोन जोड्या तिन्हींत. ‘अंगूर’मध्ये मात्र संशयी, भित्रा, डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून जगाला चोर समजणारा एक माणूस आहे, आणि त्याच्या भीतीची त्याच्यापुरती एक पक्की शिस्त आहे. योगायोग त्या शिस्तीवर येऊन आपटतात. ‘सर्कस’मध्ये योगायोग योगायोगावर आपटतात.

तेव्हा रिमेक करू नका म्हणण्यापेक्षा, या शहराची आजची अडचण कोणती, हे करणाऱ्याला विचारावं. उत्तर शोधायला फार लांब जायला नको. मुंबईत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घर शोधणाऱ्या कुणालाही गाठा. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, मग ‘व्हेज ना?’, मग ‘फॅमिली ना?’. एकट्या मुलीला नाही, बॅचलरना नाही, लग्न न करता राहणाऱ्या जोडप्याला नाही, मुसलमानाला तर समोरच्या आवाजातच नाही. त्यातून तरलात तर सोसायटीच्या कमिटीपुढे मुलाखत: सेक्रेटरी, खजिनदार, आणि उगाच येऊन बसलेले एक काका. हा भवानीशंकरच आहे, फक्त आता त्याचे पाच झालेत आणि त्यांच्याकडे रबरी शिक्का आहे. कायदाही त्यांना फार अडवत नाही; विशिष्ट समाजापुरतं सदस्यत्व ठेवणाऱ्या अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच कौल दिला आहे. घर मिळवण्यासाठी लोक या घटकेला खोटं बोलतायत. कुणी मैत्रिणीला बहीण सांगतंय, कुणी सुकटीचा डबा ऑफिसातच खाऊन येतंय, कुणी हाक मारायचं एक नाव ठेवून कागदावरचं नाव शेवटपर्यंत दडवतंय. थाप आहे, धास्ती आहे, पकडणारे आहेत, पकडले गेल्यावर गमवायलाही भरपूर आहे. लेखकाने फक्त खुर्ची ओढून बसायचं बाकी आहे.

यात धोका आहेच. कुणाच्या तरी भावना दुखावतील, एखादी सोसायटी नोटीस धाडील, सेन्सॉर दोन नावं बदलायला सांगेल. पण मराठीत तर हे व्हायलाच हवं, कारण घर नाकारणारा आणि घर नाकारला जाणारा, दोन्ही आपल्यातच आहेत. पार्ल्यात आणि मुलुंडात मराठी माणसाला मासे खाता म्हणून दार बंद होतं तेव्हा आपण चवताळून उठतो, आणि दादरच्या आपल्याच इमारतीत कमिटीवर बसलो की आडनाव विचारतो. भवानीशंकरच्या खुर्चीत या वेळी एखादे जोशी किंवा सावंत बसवायची तयारी असेल तर ‘गोलमाल’ खुशाल पुन्हा काढा. तिकिटाला रांगेत मी पहिली उभी राहीन.